सोमवारी आजारी पडणारी गाडी

आमची गाडी सोमवारी आजारी पडायची. मंगळवारी मिस्त्रीकडं जाऊन यायची, बुधवार-गुरुवारी सुतासारखी सरळ चालायची, शनिवारी तर अणदूरच्या रस्त्याला अशी पळायची की मागं बसलेले दादा माझ्या खांद्यात बोटं रुतवायचे. आणि सोमवारी सकाळी पुन्हा तिचं दुखणं सुरू. किक मारली की चालू व्हायची, जागेवर उभी असेपर्यंत फुरफुरत राहायची, पण रस्त्याला लागून मूठ पिळली की दोन आचके देऊन बंद. सात-आठ सोमवार असे गेले. त्या सोमवारांनी माझं काय केलं ते मला लिहून ठेवायचं आहे, कारण आमच्या घरात ही गोष्ट आता भलत्याच तऱ्हेनं सांगतात. सांगणाऱ्याला मी दर वेळी मध्येच तोडते. मी तिथं होते, आणि काळे झालेले हात माझे होते.

आमचं घर मेंढरांचं. थोरले चुलते, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते मेंढरं बघायचे. धाकटे माझे वडील, दादा, तेवढे शिकून सरकारी नोकरीत गेलेले. जनावरांच्या दवाखान्यात ते व्रणोपचारक, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे, हे आपलं कागदावर. वाड्यावस्त्यांवर लोक त्यांना ढोराचा डॉक्टरच म्हणायचे. सकाळी आमच्या चुलीच्या एका अंगाला हुलग्याचं माडगं शिजायचं आणि दुसऱ्या अंगाला पातेल्यात दादांच्या सुया उकळायच्या. आईला ते मुळीच आवडायचं नाही. “एक दिस माडग्यात सुई निघंल,” असं ती रोज म्हणायची आणि रोज निखारा मात्र सुयांच्या पातेल्याखालीच सारायची. बाहेर मेंढरांचा कालवा, आत भाकरीची थाप, आणि या सगळ्याच्या वर अण्णांचं खाकरणं. अण्णांची तंबाखूची चंची कमरेला असायची. तिच्यात पान, सुपारी, तंबाखू आणि चुन्याची पितळी डबी. त्या चंचीला बाईमाणसानं हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला न लिहिलेला कायदा. दर आयतवारी अण्णा पहाटे उठून अनवाणी अणदूरच्या खंडोबाला जायचे आणि दुपारच्या आत कपाळाला भंडारा माखून आणि डबीत भरून घेऊन परत यायचे. मग तो भंडारा उंबऱ्याला, विहिरीला, मेंढरांच्या कपाळाला लागायचा. एखादं मेंढरू मलूल दिसलं तर अण्णा त्याचा जबडा उघडून चिमूटभर भंडारा तोंडातही घालायचे. कधी कधी मेंढरू बरंही व्हायचं. दादांनी आधी इंजेक्शन दिलेलं असायचं, पण ते कुणी बोलायचं नाही.

गाडी दादांची. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, टाकीला एका बाजूनं पोचा आलेला. त्या साली एका म्हशीनं दादांच्या उजव्या गुडघ्यावर लाथ घातली आणि त्यांचं किक मारणं बंद पडलं. चालताना पाय ओढायचे, पण नोकरी होती, लशीचा बर्फ घातलेला थर्मास होता, आणि गावोगाव जनावरं वाट बघत होती. एसटी आमच्या वाड्यावस्त्यांना जायची नाही. दहावी होऊन मी घरी बसलेली. घरी बसलेली म्हणजे काय तर शेणगोठा, धुणं, भाकरी आणि अण्णा आणतील त्या स्थळांची वाट. एका सकाळी दादा अंगणात गाडीकडं बघत उभे होते. मी म्हणाले, “दादा, म्या किक मारून बघू का?” त्यांनी इकडंतिकडं बघितलं, अण्णा रानात होते, आणि म्हणाले, “मार.” तिसऱ्या किकेला गाडी चालू झाली. महिनाभरात मी गाडी चालवत होते आणि दादा मागं थर्मास मांडीवर घेऊन बसत होते. पंजाबी ड्रेस, कमरेला आवळून बांधलेली ओढणी, पिशवीत धपाटे आणि शेंगांची चटणी. गावातली माणसं पाराशी उभी राहून बघायची. बघेनात का. मला तर वाटायचं, अजून चार माणसं बोलावून आणावीत.

अण्णांना हे पटलं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. “पोरीच्या जातीनं इंजनाला हात लावू न्हाय. यंत्र बिघडतंय,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पुढं पंधरा दिवसांत गाडी खरंच बिघडायला लागली. अण्णा जिंकल्यासारखे माडगं भुरकायचे आणि मी भाकरीचा तुकडा दातांनी तोडायचे.

अणदूरच्या रस्त्यावर गफूर मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे लिंबाचं झाड, त्याला टांगलेले टायर आणि एक लाकडी पेटी. मिस्त्रीनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसला नाही, हे मी आजही विसरले नाही. त्यानं सरळ विचारलं, “चोक ओढला तर चालती क्या?” मी म्हणाले, “चोक ओढला की थोडी चालती, सोडला की मरती.” “मग उपाशी हाय गाडी. धूर काळा आला तर जास्त खाल्लं समजायचं. चोकावर चालली तर उपाशी. पेट्रोल पोचंना तिला.” त्यानं कार्बोरेटरची खालची वाटी खोलून दाखवली. तळाला पिवळसर गाळ. मग आतून एक बारकं पितळी नळकांडं काढलं, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडंसं मोठं, आणि उजेडाकडं धरून म्हणाला, “हे मेनजेट. इंजनाला पेट्रोल ह्याच्यातनंच जातंय. ह्याच्या भोकातनं आभाळ दिसाय पायजे. दिसतंय?” दिसत नव्हतं. “ड्रमातल्या पेट्रोलची घाण हाय,” मिस्त्री म्हणाला. आमच्याकडं तेव्हा पेट्रोल किराणा दुकानातल्या ड्रममधून यायचं, त्यामुळं मलाही ते पटलं. जेटमध्ये लोखंडी तार घालायची नाही, भोक मोठं होतं, ही अक्कलही त्यानंच दिली. मी बोकडाच्या शेपटीचा राठ केस वापरायला लागले. त्या कामाला त्याच्यापेक्षा चांगलं काही मला पुढंही मिळालं नाही.

माझ्या मुलाच्या गाडीला आता कार्बोरेटरच नाही. बटन दाबलं की चालू, आणि बिघडली की शोरूमवाला तिला कॉम्प्युटर लावतो. कॉम्प्युटर सांगेल ते दुखणं. सोय मोठी आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याला मी विचारलं, “तुझ्या गाडीचं पोट कुठं आहे?” तर त्याला सांगता आलं नाही. मला आमच्या गाडीचं पोट, घसा, नाक सगळं बोटांना माहीत होतं. तिसऱ्या-चौथ्या सोमवारानंतर मी मिस्त्रीकडं जाणंच सोडलं, घरच्या घरी कार्बोरेटर खोलायला लागले. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा, नळी काढायची, वाटीचे स्क्रू फिरवायचे, आतला तरंगणारा बोया काढून बाजूला ठेवायचा, जेट केसानं साफ करायचा आणि फुंकर मारून आभाळ बघायचं. आभाळ दिसायचं. गाडी चालायची. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तोच पिवळा गाळ. मी दुकानदाराशी भांडले. चारचौघांत त्याला भेसळवाला म्हणाले. तो बिचारा देवाच्या शपथा घेत होता आणि मी आणखी आवाज चढवत होते. पुढं मी त्याच्याकडं धपाटे घेऊन गेले खरी, पण त्याची मान त्या दिवशी खाली गेली ती मला दिसतेच.

मग तो फाट्यावरचा सोमवार आला. वैशाखाचं ऊन, थर्मासमध्ये लस, आणि पलीकडच्या वस्तीवर लोकांनी जनावरं बांधून ठेवलेली. फाट्याजवळच्या चढावर गाडी मेली. मी उतरून ढकलायला लागले, दादा पाय ओढत मागून हात लावायला लागले. फाट्यावर झाडाखाली एसटीची वाट बघणारी आठ-दहा माणसं होती. एकजण मोठ्यानं म्हणाला, “आवं डॉक्टर, पोरीला इंजेक्शन द्या, का गाडीला?” सगळे हसले. दादाही हसले, कसनुसे. मला त्या माणसाचा नाही, दादांच्या हसण्याचा राग आला. तिथंच रस्त्यात बसून मी कार्बोरेटर खोलला, पण वारा होता, फुफाटा होता. अर्ध्या तासानं गाडी चालू झाली तोवर थर्मासमधला बर्फ वितळला होता. लस टाकून द्यावी लागली. दादा दवाखान्यात परत जाऊन नुसते खुर्चीवर बसले.

त्याच दिवशी दुपारी अण्णांनी निकाल दिला. माकणीचे एक गुरुजी जुनी गाडी शोधत होते, शाळेला सुट्टी होती, ते पुढच्या सोमवारी येऊन गाडी बघणार. “गाडी जाऊ दे. तू दवाखान्यात बसून काम बघ,” ते दादांना म्हणाले. “अन् हिचं यंदा उरकून टाकू.” ही म्हणजे मी. थोरल्या भावापुढं दादा कधीच बोलायचे नाहीत. गाडी गेली की दादा खुर्चीला बांधले जाणार आणि मी कुणाच्या तरी चुलीला, हे मला भाकरी थापता थापता इतकं लख्ख कळलं की तव्यावरची भाकरी करपली. आईनं ती उचलून बाजूला ठेवली आणि हळूच म्हणाली, “तुला गाडी नीट करता येती का न्हाय, तेवढं सांग.” मी म्हणाले, “येती.” “मग कर.”

आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. शनिवारी टाकी रिकामी केली. नवं पेट्रोल आणून आईच्या जुन्या पातळाच्या फडक्यातून तीनदा गाळलं. फडक्यावर एक कण आला नाही. वाटी इतकी धुतली की तिच्यात माझं तोंड दिसलं. शनिवारी संध्याकाळी गाडी अणदूरपर्यंत जाऊन आली, एकदाही खोकली नाही. आयतवारी मी आईबरोबर विहिरीवर धुणं धुवायला गेले, दर आयतवारी जायची तशी.

सोमवारी गुरुजी आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. आईनं घरातली एकुलती एक चिनी मातीची कपबशी काढून चहा दिला. गुरुजी बशीत ओतून चहा प्याले, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “बघू मग, चालू करा.” मी किक मारली. काही नाही. दहा किका मारल्या. गाडी साधी फुरफुरलीही नाही. या वेळी तर तिनं तोंडच उघडायचं नाकारलं होतं.

अण्णा गुरुजींना म्हणाले, “तसं मशीन लई चांगलं हाय. ह्या पोरीचा हात लागतोय, म्हणून असं हुतंय. तुमच्याकडं गेलं की बघा.”

मी खाली बसले. पाना काढला. दादा म्हणाले, “मंदे, राहू दे आता.” पहिल्यांदाच मी त्यांचं ऐकलं नाही. गुरुजींच्या पायाशी पडलेली ती पांढरी बशी ओढून घेतली आणि कार्बोरेटरची वाटी तिच्यात उपडी केली. पेट्रोलबरोबर दाट पिवळा लगदा बशीत आला. गाळ नव्हे, लगदा. उन्हात पेट्रोल बघता बघता उडालं आणि पांढऱ्या बशीवर पिवळा थर उरला. शनिवारी मी हीच वाटी आरशासारखी धुतली होती. पेट्रोल तीनदा गाळलं होतं. म्हणजे हे दुकानातून आलं नव्हतं. हे आमच्या घरात आलं होतं. मी बोट घासून बघितलं, बोट पिवळं झालं आणि पुसून जाईना. हा रंग मी कुठं बघितलाय म्हणून मान वर केली, आणि समोर अण्णांचं कपाळ होतं.

“अण्णा, तुमची चंची द्या.”

अण्णांना वाटलं असावं की आपण चुकीचं ऐकलं. “काय?”

“चुना पायजे. चंची द्या.”

“बाईमाणूस चंचीला हात लावत न्हाय.”

“मग तुमच्या हातानं द्या. नखावर येईल एवढा.”

गुरुजी बघत होते. परक्या माणसापुढं नखभर चुना नाकारणं अण्णांना जमलं नाही. त्यांनी डबी उघडून बोटभर चुना माझ्या अंगठ्यावर लावला. मी तो बशीतल्या पिवळ्यावर घासला. आमच्या भागात हे लहान पोरीलाही कळतं. पिवळं लाल झालं, कुंकवासारखं लालभडक. दारात उभी असलेली आई म्हणाली, “अगं बया! हळद!”

दादांनी बशी हातात घेतली. लशीच्या बाटलीचं लेबल वाचावं तशी न्याहाळली. “भंडारा हाय,” ते म्हणाले. “गाडीत भंडारा कुठनं आला?”

“म्या घातला,” अण्णा म्हणाले. जराही न कचरता. “दर आयतवारी, चिमूटभर. टाकीचं झाकण काढून. मेंढराच्या तोंडात घालतो तसाच. काल मूठभर घातला, गिऱ्हाईक येणार म्हणून.”

“कशापायी?”

“हिचा हात लागतोय म्हणून. इडापिडा जावी म्हणून.” आणि मग, खऱ्या आश्चर्यानं, “देवाचा भंडारा कसा बाधंल?”

आज मला त्यांच्या त्या प्रश्नातला भाबडेपणा कळतो. त्या दिवशी कळला नाही, आणि कळला असता तरी मी थांबले नसते. मी उभी राहिले. “अण्णा, माझ्या हातानं गाडी बिघडली न्हाय. तुमच्या हातानं बिघडली. सात सोमवार तुमी तिला उपाशी मारली आणि सात सोमवार मला बोल लावला. आता ती माझ्याच हातानं चालू व्हणार, आणि तुमी हितं बसून बघणार.”

थोरल्या माणसाला आमच्या घरात कुणी असं बोललं नव्हतं. आईनं पदर तोंडाला लावला. अण्णांचा चेहरा काळवंडला, पण ते उठले नाहीत. उठले असते तर गुरुजींपुढं हरल्यासारखं झालं असतं. मी टाकी उतरवली, उपडी केली, थोडं थोडं पेट्रोल घालून खळखळवून चारदा धुतली. कॉकची जाळी ब्रशानं घासली. जेट केसानं साफ केला, उजेडाकडं धरला. आभाळ दिसलं. सगळं बसवायला दीड तास लागला. त्या दीड तासात गुरुजींनी दुसरा चहा घेतला, या वेळी पेल्यातून. दुसऱ्या किकेला गाडी चालू झाली. मूठ पिळली तशी अंगणभर आवाज घुमला आणि मेंढरं वाघुराच्या जाळीतून बाहेर पडायला बघू लागली.

गुरुजी उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, “उत्तम. आता तर मी ही गाडी घेतोच.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी गाडी नीट केली होती, आणि नीट केली म्हणूनच ती घरातून चालली होती. अण्णांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मी गाडी बंद केली. पुन्हा खाली बसले, वाटी खोलली, मेनजेट काढला आणि ओढणीच्या टोकात घट्ट गाठ मारून बांधला. “न्या गुरुजी गाडी,” मी म्हणाले. “हे माझ्याकडं राहील. ह्याच्याबिगर ती फाट्यापर्यंत जाणार न्हाय. ढकलत न्यायची तर माकणीपर्यंत ढकला.”

“मंदे!” अण्णा ओरडले.

आणि तेव्हा दादा बोलले. इतक्या हळू की मला आधी वाटलं, ते माझीच कानउघाडणी करतायत. “गुरुजी, माफ करा. गाडी इकायची न्हाय.” मग अण्णांकडं न बघता, “थोरल्या, तुझ्यापुढं म्या कधी बोललो न्हाय. पण पाय माझा गेलाय. ही पोरगी माझा पाय हाय.” एवढं बोलून ते सुयांचं पातेलं आणायला घरात गेले. गुरुजी निघाले. वाकून चपला घालताना त्यांनी मला विचारलं, “तो केस कसला आहे, बोकडाचा?” मी हो म्हणाले. त्यांनी मान डोलावली.

पुढचे तीन आयतवार अण्णा गाडीजवळून जायचे, पण थांबायचे नाहीत. माझ्याशी बोलणं बंद. माझं त्यांच्याशी बंद. भाकरी मी त्यांच्या पानात वाढायचे ती आवाज न करता. तिन्ही सोमवारी गाडी निमूट चालली. चौथ्या आयतवारी मी विहिरीवर गेले नाही. चेन सैल झाली होती ती आवळत अंगणात बसले होते. अण्णा अणदूरहून आले. उंबऱ्याला भंडारा लावला, मेंढरांना लावला, आणि भंडाऱ्याची डबी हातात धरून माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले. मी वर बघितलं नाही.

“टाकीत घालत न्हाय,” ते म्हणाले. “पर लावल्याबिगर मला चैन पडत न्हाय. कुठं लावू, सांग.”

मी पाना खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढं केले. तेलानं, ग्रीसनं काळेकुट्ट झालेले, नखांत माती. “हितं लावा.”

ते माझ्या हातांकडं बघत राहिले. याच हातांची इडापिडा जावी म्हणून त्यांनी सात आयतवार झाकण उघडलं होतं. मग त्यांनी डबीत बोट बुडवलं आणि माझ्या दोन्ही तळहातांवर भंडारा लावला, एकावर, मग दुसऱ्यावर. “लई उद्धट पोरगी हाईस,” म्हणाले.

“व्हय,” मी म्हणाले. माफी मी मागितली नाही, तेव्हाही नाही आणि ते असेपर्यंत कधीच नाही. आता घरात सांगतात की खंडोबानं गाडी बरी केली आणि अण्णांनी पोरीला आशीर्वाद दिला. खोटं आहे. हात पुढं मी केले होते.

सोमवारी सकाळी ग्रीसमध्ये रुतलेला भंडारा अजून तळहाताच्या रेषांत होता. दादा मागं बसले, थर्मास मांडीवर घेतला. अण्णा उंबऱ्यात उभे राहून बघत होते. मी किक मारली.